‘हे कुणाचं आहे, मॅडम?’

नोकरी, घर, बचत गट सांभाळून पदवी करणाऱ्या मोठ्या माणसांना ऑनलाइन लिहायला शिकवायचं म्हणजे काय, तर त्यांच्या चुका सुधारायच्या, असं मला वाटायचं. मग कासूच्या एका ताईंनी माझाच पेपर तपासला...

रविवार, रात्रीचे पावणेदहा. तुम्ही सोमवारच्या मीटिंगचं टेन्शन विसरायला एखादी सीरिज लावून बसलेले असता, तेव्हा मी लॅपटॉपसमोर कानात इअरफोन घालून वाट बघत असते. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज येतो. मग नळ. मग ‘ए, टीव्ही बारीक कर जरा’. मग एक खुर्ची सरकते आणि आवाज येतो, ‘हां मॅडम, बोला.’

झाला आमचा क्लास सुरू!

विद्यार्थिनीचं वय ३९. बारावी झाल्या झाल्या लग्न झालं, आता थोरला मुलगा अकरावीत आहे आणि ताई स्वतः बीएच्या दुसऱ्या वर्षाला. बाहेरून, म्हणजे मुक्त शिक्षणातून. कुठल्या विद्यापीठातून ते इथं लिहायला त्यांनी नको म्हटलंय, नावही नको म्हटलंय. गावाचं नाव चालेल म्हणाल्या. कासू.

कासू कुठं आलं? गणपतीत मुंबई-गोवा हायवेनं कोकणात गेला असाल तर तुम्ही या गावावरून हळूहळू, म्हणजे फारच हळूहळू गेला आहात. २०११ साली सुरू झालेल्या चौपदरीकरणाच्या बातम्यांत ‘पळस्पे ते कासू’ आणि ‘कासू ते इंदापूर’ हे टप्पे इतक्या वेळा छापून आलेत की हे गाव आहे की मैलाचा दगड, असा प्रश्न पडावा. रेल्वेनं गेलात तर दिवा-रोहा गाडीचं पेणनंतरचं स्टेशन. त्याच्यापुढं नागोठणे.

मी या धंद्यात आले ती समाजसेवेसाठी वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. फ्रीलान्सरला महिन्याची पंचवीस तारीख नावाचा एक आजार असतो. त्यावर उपाय शोधत होते. एका अभ्यासकेंद्रात शिकवणारी मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे तिशी-चाळिशीतली माणसं येतात, विषय समजतो पण लिहिता येत नाही म्हणतात, तू घे ना त्यांना ऑनलाइन. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. फी दोन कोल्ड कॉफींएवढी. आज माझ्याकडे सहा जण आहेत. एक हॉस्पिटलात नर्स, एक सिक्युरिटी सुपरवायझर, एक पेणच्या बाजूला मिनीडोर चालवणारे काका. (मिनीडोर म्हणजे रायगडची सहा आसनी रिक्षा. त्यात सहाच माणसं बसलेली मी अजून पाहिलेली नाहीत.) तो क्लास मिनीडोरमध्येच होतो, शेवटचं पॅसेंजर सोडल्यावर, फोन हँडलजवळ अडकवून.

तुमच्या ऑफिसातही असं कुणीतरी असणार. अ‍ॅडमिनमधला, कामात सगळ्यांपेक्षा भारी असलेला, पण प्रमोशनच्या फॉर्मवर ‘शिक्षण’ या रकान्यात येऊन थांबलेला. त्याला विचारा कधीतरी.

निबंध नव्हे, गृहपाठ

घरी बसून पदवी ही काही इंटरनेटची कमाल नव्हे. मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग १९७१ चा. दिल्लीला इग्नू आलं १९८५ मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. बारावी न झालेल्यांनाही सहा महिन्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला बसण्याची वाट नाशिकच्या विद्यापीठानं अनेक वर्षं खुली ठेवली होती. किती घरांमधल्या आया आणि मावश्या त्या वाटेनं ग्रॅज्युएट झाल्या असतील!

पण या शिक्षणाची एक गंमत आहे. कॉलेजात तुम्ही बोलून निभावून नेता. लेक्चरला बसता, कॅण्टीनमध्ये चर्चा करता, मित्राच्या नोट्स मिळतात. घरी बसून शिकणाऱ्याचं मात्र सगळं लिहिण्यावर येतं. गृहपाठ लिहायचा, प्रकल्प लिहायचा, परीक्षा लिहायची. शिक्षकाला तुमचा चेहरा माहीत नसतो, फक्त कागद माहीत असतो. आणि ज्या माणसानं वीस वर्षांत मुलाच्या आजारपणाच्या चिठ्ठीशिवाय काही लिहिलेलं नसतं, त्याला एकदम ‘आपल्या परिसरातील एका पर्यावरणीय समस्येचा अभ्यास करून अहवाल लिहा’ असं सांगितलं जातं.

मग तो काय करतो? गाइड उतरवतो. किंवा सोडवलेले गृहपाठ विकत मिळतात, ते घेतो. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर तेवढे पैसे घालवायचीही गरज राहिलेली नाही.

ताईंनीही आधी तेच केलं होतं. पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीला सक्तीचा आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या आणि नंतर २००३ च्या आदेशांमुळे तो सगळीकडे आला. ताईंचा विषय होता खारफुटी. मुलानं मोबाइलवरून एक उतारा काढून दिला, तो त्यांनी मला पाठवला. एकही चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घ चोख. शेवटचं वाक्य होतं, ‘खारफुटीचे जतन ही काळाची गरज आहे.’

मी लगेच ओळखलं. ओळखल्याचा थोडा माजही केला. म्हटलं, ‘ताई, हे तुमचं नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. चुका होऊ देत, मी बघते.’

मी बघितलं, ते असं

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या चार पानांचे फोटो आले. अक्षर गोल, निगुतीचं. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘आणि’ला ‘आनि’, एका पानात एकच पूर्णविराम. वाक्य सुरू व्हायचं खाडीत आणि संपायचं माहेरच्या ओटीवर. माझा मास कॉमवाला हात शिवशिवला. बसले आणि एका रात्रीत सगळं टाइप करून, तासून, परिच्छेद पाडून परत पाठवलं. मला खरंच वाटलं, काय मस्त काम केलंय आपण!

सकाळी उत्तर आलं. ‘छान आहे. पण हे कुणाचं आहे, मॅडम?’

मला आधी वाटलं, कुठून उचललं का असं विचारतायत. दुखावलेही. मग त्यांचा व्हॉइस मेसेज आला. ‘तसं नाय ओ. मी तुमचं आनि आमच्या मुलाच्या मोबाइलचं शेजारी शेजारी ठेवून वाचलं. दोन्हीच्या शेवटी काळाची गरज हाय. आनि आमच्या बापाचं वाक्य कुठं गेलं?’

बापाचं वाक्य? मी त्यांचे फोटो पुन्हा उघडले. तिसऱ्या पानावर, खाली, ओळी दाटीवाटीनं बसवलेल्या. त्यात लिहिलं होतं, की पुस्तकात खारफुटी चांगली म्हणून दिलंय आणि ती चांगलीच असेल, पण माझ्या वडलांच्या शेतात ती उगवली तेव्हा आमची शेती गेली. हे वाक्य मी काढून टाकलं होतं. ‘विषयाला धरून नाही’ म्हणून. आणि त्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘खारफुटी हे किनारपट्टीचे नैसर्गिक कवच असून तिचे संवर्धन ही काळाची गरज आहे.’

म्हणजे मशिननं जे केलं तेच मी केलं. फक्त माझी फी होती.

इथं थोडं बाहेरच्या जगाकडे बघू, कारण हा घोळ माझ्या एकटीचा नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये हायस्कूल पास झालेल्या शहरातल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. जी मुलं आणि मोठी माणसं आत आली, त्यांचं लिखाण बघून प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. त्यांतल्या मिना शॉनेसी नावाच्या बाईंनी मात्र असे सुमारे ४,००० निबंध बसून वाचले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. या चुका वेंधळेपणाच्या नाहीत, प्रत्येक चुकीमागं काही एक विचार आहे. ही माणसं ढ नाहीत, नवशिकी आहेत. अमेरिकेत पुढं कॉलेजांमधून लेखन केंद्रं पसरली. पर्ड्यू विद्यापीठाचं केंद्र १९७६ चं आणि १९९४ पासून ते वेबवरही आहे. अशा केंद्रांत एक पथ्य पाळतात. विद्यार्थ्याच्या कागदावर शिक्षकानं आपलं पेन चालवायचं नाही. विचारायचं. कागद सुधारून उपयोग नाही, लिहिणारा सुधारायला हवा.

हे मी ताईंना भेटायच्या आधीच वाचलेलं होतं, बरं का. अगदी अधोरेखित करून. पण रात्रीचे बारा वाजलेले असतात, समोर दुसऱ्याची अडखळती वाक्यं असतात आणि आपल्याला ती चटकन नीट करता येत असतात, तेव्हा पथ्यबिथ्य कोण बघतो?

पापडाच्या पिठाचा नकाशा

मी कासूला जायचं ठरवलं. ऑनलाइन नातं ऑनलाइनच ठेवावं, वगैरे माझे नियम होते, पण माफी व्हिडिओ कॉलवर मागवेना. पनवेलहून गाडी पकडली. सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण... पेणला डबा निम्मा रिकामा होतो. कासूला माझ्याबरोबर मोजकी माणसं उतरली. ताई स्टेशनवर आल्या होत्या. स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा उंच. म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही तर पोरगीच हायव!’

तेव्हापासून मी ‘बाय’ झाले. आमच्याकडच्या बाया लहान मुलीला मायेनं बाय म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना ताईच म्हणते.

घरात ताईंच्या बचत गटाचं पापडाचं काम चालू होतं. पेणचे पापड आणि पोहे आपण कौतुकानं आणतो, ते लाटणारे हात असे गावोगावी असतात. बसले, चहा झाला आणि मी विचारलं, ‘ताई, वडलांच्या शेतात नेमकं काय झालं होतं?’

त्यांनी पोळपाटावर पीठ भुरभुरलं आणि बोटानं एक रेघ ओढली. हा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध. आत शेत, बाहेर खारं पाणी. मधे ही उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायचं दार. भरतीला ते बंद, ओहोटीला उघडं. मग त्यांनी रेघेवर बोट फिरवून ती एका ठिकाणी पुसली. ‘ही खांड. मोठ्या उधानाला खांड गेली की खारं पानी सरळ आत. मग दोन-तीन पावसाळे भात नाय.’

त्यांचं माहेर वडखळच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. खांड वेळेवर बुजली तर पावसाच्या पाण्यानं जमिनीतलं मीठ धुऊन जातं, शेत परत उभं राहतं. नाही बुजली तर रोजच्या भरतीबरोबर खारफुटीच्या बिया आत येतात. आणि एकदा झाडं उभी राहिली की विषय संपला. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये खारफुटी तोडायला बंदी केली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. ती का केली, हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं. पुस्तक खोटं सांगत नाही. पण बांध कुणी राखायचा, यासाठी १९४८ चा खार जमिनींचा कायदा आहे, १९७९ चा खारभूमी विकास कायदा आहे, आणि तरी एका घराची शेती सातबारावर शेत आणि डोळ्यांना जंगल अशी झाली.

‘हे सगळं तुम्ही का नाही लिहिलंत?’ मी विचारलं.

‘हे काय लिवायचं? हे तर सगल्यांना म्हाईत असतं.’

हे उत्तर मला माझे सहाही विद्यार्थी देतात. नर्सताई रात्रपाळीत पेशंटचा श्वास कसा बघतात ते लिहीत नाहीत, ‘परिचारिकेचे कार्य हे सेवाभावी असते’ असं लिहितात. मिनीडोरवाल्या काकांनी ‘वाहतूक समस्या’ या विषयावर चार पानं लिहिली, त्यात एकही गाडी नव्हती. आपल्याला जे येतं ते लिखाणात चालत नाही, लिखाण म्हणजे दुसरंच काहीतरी, गाइडमधलं, असं त्यांना कुणीतरी कधीतरी शिकवलंय. आणि मग ऑनलाइन आलेली मॅडम बापाचं वाक्य खोडून ते सिद्धच करून देते.

जायला निघाले तेव्हा कोनाड्यात एक जाडजूड वही दिसली. बचत गटाच्या सभेची. सचिव म्हणून ताई अकरा वर्षं इतिवृत्त लिहितायत. सहज उघडली आणि उभ्या उभ्या दहा पानं वाचली. एक नोंद त्यांच्या परवानगीनं देते, नाव गाळून: ‘५००० मागितले. कारण मुलाचा पाय. ३००० मंजूर, मागचे ८०० बाकी म्हणून. रागावल्या. पुढच्या सभेला आल्या.’

मी या पानांसाठी दर आठवड्याला लिहिते. शब्दमर्यादेवरून संपादकांशी भांडते. असं वाक्य मला साधलेलं नाही.

‘ताई, हे असं लिहा ना गृहपाठात!’

त्या हसल्या. ‘हे लिवनं थोडीच हाय, बाय. हा हिसाब हाय.’

मग क्लास बदलला

आता मी टाइप करत नाही. ताई आधी व्हॉइस मेसेज पाठवतात, सहज बोलल्यासारखा. मग तो स्वतःच ऐकून कागदावर उतरवतात. बोलून टाइप करण्याची सोयही आम्ही करून बघितली, गूगलनं ती २०१७ मध्ये मराठीत आणली. ‘पानी’ म्हटलं की ती निमूटपणे ‘पाणी’ लिहिते, हे बरं. पण ‘खांड’ म्हटलं की ‘खंड’ लिहायची. पुरा आशिया खंड वाहून गेला आमच्या गृहपाठात! सोडून दिलं.

रविवारी त्या मला मोठ्यानं वाचून दाखवतात. मी फक्त विचारते. कुणी? केव्हा? म्हणजे काय? जिथं वाचताना दम लागतो तिथं पूर्णविराम द्यायचा, हे त्यांनीच शोधून काढलं. शुद्धलेखन शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट. एक अख्खा महिना फक्त न आणि ण. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम सरकारनं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ ची भर पडली. हे ऐकून ताई म्हणाल्या, ‘अठराच? आमच्या गटाचे बावीस हायेत.’ तेव्हापासून त्यांची भीती निम्म्यानं कमी झाली असावी. प्रमाण मराठी त्यांना हवीच आहे, हेही सांगते. ‘आमची भाषा गोड वगैरे म्हनू नका, मना मार्क पायजेत,’ हा दम मला मिळालेला आहे. बोलीचं कौतुक करणाऱ्या शहरी माणसाला पदवी आधीच मिळालेली असते.

पण मग बापाच्या वाक्याचं काय? यावर आमचे दोन रविवार गेले. ‘तपासनाऱ्याला वाटेल ही खारफुटीच्या विरोधात हाय. नापास करेल.’ ही भीती खोटी आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते. तपासणारा कोण, मला काय माहीत? ताईंना पदवी हवी आहे ती पुढच्या कामासाठी. गावोगावच्या गटांना जोडणारं पगारी काम आहे, त्याला ग्रॅज्युएट लागतो असं त्यांना सांगितलंय. पस्तिशी ओलांडल्यावर एक वर्ष वाया घालवायला कुणाकडे असतं? मी सल्ला दिला नाही. एवढंच म्हटलं, की दोन्ही खरं असेल तर दोन्ही लिहिता येतं का बघा.

त्यांनी लिहिलं ते असं आहे. न-ण सोडून मी काहीही बदललेलं नाही:

‘आमच्या बाजूला बांध फुटला म्हणत नाहीत. खांड गेली म्हणतात. माझ्या माहेरी खांड गेली ती बुजवली गेली नाही. पाच वर्षांत शेतात खारफुटी झाली. आता उधाण आले की तीच झाडे लाट अडवतात आणि मागच्या घरांत पाणी येत नाही. म्हणून ती तोडू नये. पण ज्याच्या शेतात ती उभी आहे त्याला कोणी काही दिले नाही. माझे वडील अजून त्या बाजूला जात नाहीत.’

गृहपाठ हातानं लिहून द्यायचा असतो. नऊ पानं, पापडाच्या पिठाचा एक डाग. तो द्यायला ताई स्वतः अभ्यासकेंद्रावर गेल्या. महिन्याभरानं मार्क आले. पास, आणि बरे मार्क. शेरा काहीच नाही. वाचलं की नुसतीच पानं मोजली, कळायला मार्ग नाही. ताईंना त्याचं माझ्याएवढं वाईट वाटलं नाही. त्यांनी ती पानं फोटो काढून वडलांना पाठवली होती. वडलांना वाचता येत नाही, म्हणून भावजयीनं वाचून दाखवली. ऐकून ते काय म्हणाले, असं मी विचारलं.

‘काय नाय. पुन्ना वाच म्हनाले.’

हा लेख छापायला देण्याआधी मी ताईंना फोनवर पूर्ण वाचून दाखवला. दोन दुरुस्त्या मिळाल्या. एका ठिकाणी मी ‘बांध फुटला’ लिहिलं होतं, ते बदलून घेतलं. दुसरी, त्यांच्या मुलाचं टीव्ही प्रकरण काढून टाक असं त्या म्हणाल्या. ते मी ठेवलंय, सॉरी ताई.

पुढचा विषय ‘ग्रामीण अर्थव्यवस्था’. सभेची वही घेऊन बसायचं ठरलंय. पण या रविवारी क्लास नाही. शेजारी हळद आहे, रात्रभर डीजे असणार आणि मला काही ऐकू येणार नाही, असा मेसेज आत्ताच आलाय.